रीनाच्या ड्युटीचं रजिस्टर

रायपूरच्या गुढियारीतल्या आमच्या गल्लीत कुणाचं घड्याळ बंद पडलं की लोक लहानूभाऊंच्या ओट्याकडं बघतात. ते जेवायला बसले म्हणजे अकरा चाळीस. हात धुवायला उठले म्हणजे बाराला पाच कमी. हे मी कौतुकानं सांगत नाही. तीस वर्षं त्यांच्या मालगाडीच्या शेपटाला, गार्डच्या डब्यात, मी हाडं खिळखिळी करून घेतली आहेत. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचा जाच माझ्याइतका त्यांच्या बायकोनंही सोसला नसेल.

लहानू खोब्रागडे मूळचे भंडाऱ्याकडचे, पवनीजवळच्या खेड्यातले. मी दत्तोपंत, उमरेडचा. रेल्वेच्या नोकरीनं इकडं आलो आणि इथलेच झालो. पुढं राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली आणि आम्ही जागचे न हलता दुसऱ्या राज्यात गेलो. लहानूभाऊ म्हणाले, "गार्डसाहेब, गाडी उभी अन् प्लॅटफॉर्म पुढं गेला." एवढा एकच विनोद त्यांनी जन्मात केला असेल.

त्यांच्या काटेकोरपणाला कारण होतं, आणि ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती, अंगात जोर होता, चौदा-चौदा तास गाडी चालवायचे. एका दुपारी कोळशाची गाडी घेऊन बिलासपूरकडं निघाले होते. "डोळे उघडे होते पंत, हात बराबर जागेवर होता. पण तिल्दा कवा गेलं, मले ठाव नाही. हथबंधले जाग आली म्हणावं, तर झोपलो बी नोतो. मधातलं काहीच नाही. कोरं पान." झालं काहीच नाही, सिग्नल सगळे हिरवे होते. पण त्या कोऱ्या पानाला ते जन्मभर भ्याले. मालगाडीच्या ड्रायव्हरची ड्युटी लॉबीत, म्हणजे हजेरीच्या खोलीत, सही केल्यापासून मोजतात. मग गाडी धावो, नाहीतर स्टेशनाबाहेर चार तास उभी राहो. दहा तास भरत आले की लहानूभाऊ पुढच्या स्टेशनात गाडी लावायचे, स्टेशन मास्तरच्या टेबलावर लेखी मेमो ठेवायचे आणि बाकावर आडवे व्हायचे. साहेब लोक फोनवर लाल होत. मागच्या डब्यात मीही शिव्या घालायचो. पण नियम त्यांच्या बाजूनं होता आणि त्यांच्या वेळा कधी चुकल्या नव्हत्या.

वेळांचंही एक सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. प्रवासातल्या वेळा ड्रायव्हर आपल्या कागदावर लिहितो, गार्ड आपल्या. शेवटी दोन्ही जुळल्या पाहिजेत. "एकट्यानं लिवलं तर ते किस्सा होते," लहानूभाऊ म्हणायचे, "दोघायच्या सह्या पडल्या तर पुरावा."

त्यांची एकुलती एक पोरगी रीना. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा वकिलाच्या कोटातला फोटो, त्याच्याखाली बसून ती पाढे शिकली आणि त्याच्याखाली बसूनच वकिलीची पुस्तकं पाठ केली. २०१२ साली मंत्रालय नव्या रायपूरला गेलं. त्या रस्त्यावर तेलीबांध्याला तळ्याकाठी काचेच्या इमारती तोवर उभ्या राहिल्याच होत्या, आणि त्यांतल्या एका इमारतीत त्याच वर्षी दिल्लीकडच्या वकिलांच्या फर्मनं शाखा उघडली. कारखाने, खाणी, जमिनी, सगळ्यांनाच वकील हवे होते. रीना तिथं असोसिएट म्हणून लागली. लहानूभाऊंच्या बायकोनं, मीराबाई वहिनींनी, गल्लीभर पेढे वाटले. लहानूभाऊंनी पेढे वाटले नाहीत, ते सदर बाजारात जाऊन जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर घेऊन आले.

पाच रकाने आखले. तारीख, निघाली, परत, एकूण, शेरा. खाली डावीकडं त्यांची सही, आणि उजवीकडं एक जागा मोकळी. दर रविवारी मी चहाला गेलो की वहिनी तांदळाच्या पिठाचा गरम चीला आणि टमाट्याची चटणी पुढं ठेवायच्या, आणि लहानूभाऊ रजिस्टर.

"करा सही."

"मी कशाला? मी काय तुमच्या पोरीच्या स्कूटीचा गार्ड आहे?"

"समोरच तं राहता. जातानी पाहता, येतानी पाहता. करा."

मी करायचो. थट्टाच होती ती. रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी चाळा लागतो. कुणी भाजीला लागतं, कुणी भजनाला, हा माणूस पोरीच्या वेळा लिहितो. मी दोन वर्षं, शंभरावर रविवार, चटणीच्या बोटांनी सही करत राहिलो. आज त्या बोटांचा राग येतो.

पहिले काही महिने आकडे साधे होते. आठ दहाला निघाली, सात पन्नासला परत. मग एकूणचा रकाना चढायला लागला. बारा, तेरा, साडेचौदा. रविवारी सुद्धा. एका रविवारी लहानूभाऊंनी रीनाला समोर बसवून विचारलंच, "काहून वं बाई? किती तासाची ड्युटी आहे तुही?"

रीना आमच्याशी अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलते, आणि थकली की नुसती हिंदी. "बाबा, साल के दो हज़ार घंटे. बिलेबल."

"म्हणजे?"

तिनं समजावून सांगितलं. फर्म क्लायंटला तासाच्या हिशेबानं बिल लावते. म्हणून प्रत्येक असोसिएटनं सहा-सहा मिनिटांचा तुकडा लिहायचा: अमुक क्लायंटचा कागद वाचला, अमुकचा मसुदा केला. ज्याचं बिल लागतं तेवढेच तास मोजायचे. कोर्टात नंबर लागायची वाट पाहिली, त्याचे नाहीत. सरांनी बोलावून तासभर झापलं, त्याचा नाही. कायदा शिकत बसलीस, जेवलीस, त्याचे नाहीत. दिवसाला आठ तास बिलाचे भरायचे तर बारा-तेरा तास बसावं लागतं. शनिवारी यादी लागते, आणि कमी भरले त्यांची नावं लाल रंगात येतात.

लहानूभाऊंनी एकूणच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आमची गाडी सिग्नलले चार घंटे उभी राहे, तेही ड्युटीच होती. तुमच्यात उभं राहणं मोजतच नाही?"

"नहीं."

"मग दहा घंट्यानं मेमो देत जा. लेखी."

रीना हसली. "बाबा, हमारे यहाँ जो मेमो देता है, वो घर जाता है."

वहिनी आतून तव्यावरूनच ओरडल्या, "इंजनाले बी शेडमधी पाठवतेत! पोट्टी काय त्याच्याहून गेली?"   मी चटणी वाढून घेतली.

मग एकेक दिसायला लागलं. स्कूटीची किल्ली फ्रिजमध्ये सापडली. जेवता जेवता रीनाचा घास हातातच राहायचा, आणि वहिनींनी हाक मारली की ती असं बघायची, जसं कुणी अनोळखी गावात उतरलं आहे. पंचविशीतल्या पोरीच्या डोळ्यांखाली मी माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातले डोळे बघत होतो. आणि एका संध्याकाळी ती स्कूटी लावून ओट्यावर बसली आणि हसत हसत म्हणाली, "काका, अजीब हुआ आज. मैं अंडरब्रिज से आई कि नहीं, याद ही नहीं. फाफाडीह चौक तक याद है, फिर सीधा घर."

ती हसत होती. लहानूभाऊंनी चहाचा पेला खाली ठेवला. तो त्यांनी पुन्हा उचलला नाही. हथबंधचं कोरं पान त्यांच्या घरात येऊन बसलं होतं, आणि ते ओळखणारा तिथं दुसरा मीच होतो. त्या आठवड्यापासून ते रजिस्टर जास्तच बारीक लिहू लागले. शेऱ्यात ती काय जेवली, किती झोपली, लॅपटॉप किती वाजता मिटला, सगळं. "एक दिवस लागन हे," म्हणायचे. कुठं लागेल, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऑगस्ट २०१४. एकोणीस तारीख, मंगळवार. रीनाला ताप भरला. लहानूभाऊंनी लिहिलं: रीना घरी. ताप १०२. दिवसभर झोप. लॅपटॉप पिशवीतच. त्या रविवारी मी खाली सही केली. सही करून मागं वळलो तर रीना खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलेली, आठवड्याच्या वेळा भरत. लहानूभाऊ दूध आणायला गेले होते. मी सहज डोकावलो. मंगळवारच्या रकान्यात तिनं साडेनऊ तास लिहिले.

"मंगळवारी तर तू झोपून होतीस गं."

ती दचकली नाही, इतकी ती थकलेली होती. "काका, ये सच्चे घंटे हैं. पिछले तीन दिन सोलह-सोलह घंटे बैठी हूँ उसी कंपनी के काम पर. पर सिस्टम एक दिन में बारह से ज़्यादा लेता नहीं. क्लायंट की आँख में आता है. सर बोले, जो बचे, खाली दिन में डाल दो. सब यही करते हैं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा को मत बताना. उन्हें समझ में नहीं आएगा."

खरं होतं तिचं. काम खरं होतं, फक्त वार खोटा होता. पण लहानूभाऊंना वार खोटा म्हणजे सगळंच खोटं. एका स्टेशनाच्या वेळेत दोन मिनिटं इकडची तिकडं केली म्हणून त्यांनी एका सहायकाशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. पोरीशी टाकलं असतं तर? मी मान डोलावली आणि तोंड बंद ठेवलं. मला वाटलं, मी दोघांचं भलं करतो आहे.

नोव्हेंबरात ती एक दिवस घरी आली आणि जेवलीच नाही. वहिनींनी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली की एका पोलाद कंपनीनं बिलावर तक्रार केली आहे, ते म्हणतात हिनं तेवढे तास काम केलंच नाही. "मैंने लिखकर जवाब दे दिया है, सर ने ही बताया क्या लिखना है. हो जाएगा." आणि खोलीचं दार लावून घेतलं.

लहानूभाऊ सकाळीच माझ्या दारात उभे. नऊ वाजून पाच मिनिटं. इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि काखेत कापडी पिशवी. पिशवीत दोन वर्षांची दोन्ही रजिस्टरं.

"काढा गाडी. तेलीबांध्याले जाऊ."

"रीनाला सांगितलं?"

"तिले सांगतलं तं नाही म्हणन. पंत, ते म्हणतेत पोट्टीनं काम नाही केलं! माह्या घरात दोन वर्साचा हिशोब पडून आहे, सोळा-सोळा घंट्याचा, दोघायच्या सहीचा. हे नाही दाखवाचं तं काय पुजाचं?"

मी स्कूटर काढली. अंडरब्रिजखालून निघालो तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. शास्त्री चौकातल्या सिग्नलला थांबलो आणि एकदम तो मंगळवार आठवला. पाठीला पिशवीचा पुठ्ठा टोचत होता. मला माहीत नव्हतं की तक्रार कोणत्या तारखेची आहे. सातशेतली कोणतीही असू शकते, असं मी स्वतःला सांगितलं. वळून सांगायचं तर एकच वाक्य होतं: लहानूभाऊ, पोरीनं एका दिवशी खोटी नोंद केली आहे. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न मारला, आणि मी गाडी पुढं घेतली. गार्डला गाडी थांबवायचा अधिकार असतो. डब्यात त्यासाठी ब्रेकची वेगळी दांडीच असते. तीस वर्षांत मी ती चारदा ओढली, आणि लागली तेव्हा ओढली नाही.

काचेची खोली, थंडगार. खाली तेलीबांध्याचं तळं चकाकत होतं. रीना त्या दिवशी कोर्टाच्या कामाला बाहेर गेलेली. तिचे सर, अभिनव नाव, चाळिशीच्या आतले, फार गोड माणूस. उठून नमस्कार केला, अंकल अंकल करत पाणी दिलं, चहा मागवला. त्यांनीच रजिस्टर उलगडलं आणि एकेक पान असं वाचायला लागले की लहानूभाऊंची छाती फुगली.

"अंकल, ये आप रोज़ लिखते हैं? उसी दिन?"

"उसी टाइम."

"कभी भूल-चूक?"

"चालीस साल में एक नहीं."

"और ये दूसरी साइन किसकी है?"

लहानूभाऊंनी माझ्याकडं बोट केलं. "गार्ड साहब की. दो साइन से पक्का होता है."

अभिनव सरांनी माझ्याकडं पाहून मान हलवली. त्यांचं बोट पानांवरून फिरत होतं आणि मी ते बोट बघत होतो. जुलै गेला. ऑगस्ट लागला. स्वातंत्र्यदिन गेला. बोट थांबलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्यांनी बेल वाजवली, आलेल्या माणसाला ते पान दाखवलं आणि म्हणाले, "इसकी दो ज़ेरॉक्स."

"सगळेच पन्ने लो ना साहब," लहानूभाऊ पुढं सरकले. "सोलह-सोलह घंटे वाले भी हैं. इधर देखो, इधर."

"हाँ अंकल, सब देखेंगे. दोनों रजिस्टर छोड़ जाइए, एक-दो दिन."

लहानूभाऊंनी खिशातून पेन काढलं. पावती मागणार होते. लॉबीत हिरवा-लाल झेंडा जमा केला तरी ते पावती घ्यायचे. अभिनव सर हसून म्हणाले, "अरे अंकल, घर की बात है." आणि लहानूभाऊंनी पेन परत खिशात ठेवलं. पोरीच्या साहेबाचा मान राखला. खाली आल्यावर त्यांनी तळ्याकाठी मला गुपचूप, म्हणजे आपली पाणीपुरी, खाऊ घातली, स्वतःच्या पैशानं, असं त्यांनी तीस वर्षांत केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रीना तीन वीसला घरी आली. लहानूभाऊंनी सवयीनं घड्याळ पाहिलं आणि वहिनींना म्हणाले, "पाह्य, लागला उपयोग. लवकर सोडलं पोट्टीले." मी ओट्यावरच होतो. रीना उंबऱ्यात उभी राहिली.

"बाबा, आप ऑफिस गए थे?"

"हव. गार्डसाहेब बी होते."

ती खाली बसली, उंबऱ्यावरच, आणि सगळं सांगितलं. तक्रार त्याच मंगळवारची होती. कंपनीच्या माणसानं त्या दिवशी फोन केला होता, आणि त्याला कळलं होतं की मॅडम रजेवर आहेत. बिलात मात्र साडेनऊ तास. सरांनीच तिला उत्तरात लिहायला लावलं होतं की घरून काम केलं. तेवढ्यावर मिटतही आलं होतं. आता टेबलावर बापाच्या हातचा कागद होता: दिवसभर झोप, लॅपटॉप पिशवीतच. खाली दोन सह्या. कंपनी अख्ख्या बिलाची तपासणी मागत होती, ती एका असोसिएटच्या मानेवर थांबत असेल तर फर्मला बरंच होतं. तिच्यापुढं छापील कागद आला. एकतर लिहून दे की हे मी एकटीनं, माझ्या मनानं केलं, आणि राजीनामा दे. नाहीतर हाच कागद बार कौन्सिलला जाईल आणि सनदच धोक्यात येईल. ज्यानं दर शनिवारी तिचे तास मंजूर केले होते, त्यानंच ते पकडले.

"मैंने साइन कर दी," रीना म्हणाली.

लहानूभाऊंना राजीनाम्याऐवजी आधी खोटी नोंदच ऐकू आली. "तू त्या दिवशी नऊ घंटे लिवले?"

"साढ़े नौ."

"झोपून होती तवा?"

"हव, बाबा."

मला वाटलं आता हात उठतो. तो उठला असता तर बरं झालं असतं. ते नुसते उभे राहिले. मग मी बोललो, सगळं बोललो, सोळा तासांचं, बाराच्या मर्यादेचं, रिकाम्या दिवसाचं, आणि हेही की मला ऑगस्टपासून ठाऊक होतं. लहानूभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं तसं पाहिलं नव्हतं. "सिग्नल पाह्यला होता पंत तुम्ही," एवढंच म्हणाले.

रीना रडली नाही. तिनं बापाचा हात धरला आणि तुटक मराठीत म्हणाली, "तुम्ही खरं तेच लिवलं बाबा. बाकीचे पानं बी होते नं. सोळा घंट्यावाले. ते कोणी नाही पाहिले."

ते ऐकून लहानूभाऊ मोडले. भिंतीला धरून खाली बसले आणि त्या माणसाला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. वहिनी पदर तोंडात घालून दारात उभ्या होत्या.

रजिस्टरं आणायला मी दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. तीच त्या पोरीची बाजू होती, शंभरावर पानांची, आमच्या दोघांच्या सहीची. रिसेप्शनवरच्या मुलीनं आत फोन केला आणि सांगितलं, असं काही जमा नाही. पावती आहे का? मी तिथं आरडाओरडा केला, म्हातारपणी शोभणार नाही अशा शिव्या दिल्या. वर्दीतल्या दोघांनी मला दंडाला धरून खाली आणलं आणि स्कूटरपाशी उभं केलं. वर काचेत तळ्याचं पाणी दिसत होतं, आतलं काही दिसत नव्हतं.

रीनाची सनद तेवढी बचावली. पण शहर केवढंसं, आणि वकिलांची तोंडं केवढी. दोन-तीन ठिकाणी रीनाला बोलावलं, चहा पाजला आणि मागची नोकरी का सोडली ते विचारलं. चौथ्या ठिकाणी ती गेलीच नाही. आता ती झोपते. दिवसा झोपते, उठते, घास हातात धरून बसते, पुन्हा झोपते. वहिनी म्हणतात, दोन वर्षांची झोप भरून निघते आहे. मला तसं वाटत नाही.

मी पाच रविवार त्यांच्या ओट्यावर गेलो नाही. तोंड नव्हतं. सहाव्या रविवारी वहिनींनीच बोलावून घेतलं. "या नं भाऊजी. हे कोणाशीच बोलत नाही. तुमचीच वाट पाह्यतेत." मी गेलो. चीला आला, चटणी आली. लहानूभाऊंनी शेजारून नवं रजिस्टर काढून माझ्यापुढं ठेवलं. त्याच पाच रकान्यांचं. मला वाटलं, आता सात ओळी वाचायच्या, रीना घरी, रीना घरी, आणि खाली सही करायची. ती माझी शिक्षा, असं समजून मी पान उघडलं.

सोमवार. निघाली ८.१०. परत १८.१५. एकूण दहा तास पाच मिनिटं. मंगळवार. निघाली ८.१०. परत १८.००. शेरा: जेवली. हसली. बुधवार. निघाली ८.१२. अक्षर तेच, गोल आणि स्वच्छ. शनिवारपर्यंत सगळं भरलेलं. एकही दिवस साडेदहाच्या वर गेलेला नव्हता. आतल्या खोलीतून रीनाच्या कूस बदलण्याचा आवाज आला, खाट करकरली.

"लहानूभाऊ, पोरगी तर घरातच आहे."

"माहीत आहे मले."

"तुम्ही जन्मात खोटी नोंद केली नाही."

"खरी केली नं. पाह्यलं तुम्ही काय झालं ते." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं.  "दोघायच्या सह्या लागतेत पंत. करा."

वहिनी चुलीकडं तोंड करून उभ्या होत्या, वळल्या नाहीत. मी पान पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं, मग उजवीकडच्या मोकळ्या जागेत सही केली आणि खाली तारीख घातली.